सैल अंगाचं बाळ: मान धरण्यापासून पहिल्या पावलापर्यंत हात कुठे ठेवायचा

काखेत धरून उचललं की बाळ हातांतून निसटतंय असं वाटतं. पालथं तळहातावर घेतलं तर डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे लोंबतात, पिळून वाळत घातलेल्या पंचासारखे. उताणं ठेवलं की मांड्या फाकून बेडकासारख्या सतरंजीला टेकतात. डॉक्टरांच्या कागदावर याला हायपोटोनिया म्हटलेलं असतं, घरात 'अंग सैल आहे', 'अजून मान धरत नाही' असं.

टोन आणि ताकद यांतला फरक सुरुवातीलाच समजून घ्या. स्नायू स्वस्थ असतानाही त्यात जो मुळातला ताण असतो, तो टोन. जोर लावता येणं म्हणजे ताकद. टोन बराचसा मेंदू, नसा आणि स्नायूंच्या घडणीवर ठरतो आणि व्यायामाने फारसा बदलत नाही. ताकद, तोल आणि हालचालीची सवय मात्र नक्की बदलते, आणि थेरपी, म्हणजे फिजिओथेरपी, त्यासाठीच असते. 'टोन वाढवून देतो' असं कुणी सांगितलं तर नेमकं काय आणि कसं वाढवणार, हे विचारून घ्या.

खालची पद्धत मुख्यतः डाऊन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्तीचं असणं) असलेली बाळं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण जन्मापासून अंग सैल असण्याचं ते फार नेहमी दिसणारं कारण आहे. कारण वेगळं असेल तर आपल्या थेरपिस्टला विचारून त्यात बदल करायचे.

आधी कारण, मग व्यायाम

थायरॉईड कमी असला तरी बाळ सैल पडतं. टीएसएचच्या साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि गोळीने सुधारतं, त्यामुळे ही तपासणी राहिली असेल तर आधी ती. डाऊन सिंड्रोममध्ये जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालेला नसेल किंवा हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिला नसेल, तर पालथं घालण्यापलीकडचा व्यायाम सुरू करू नका. व्यायाम चालू असताना ओठांभोवती निळसरपणा, कपाळावर घाम किंवा धाप दिसली तर तिथेच थांबायचं.

काही बाळांचे डोळे तरतरीत असतात, ती ओळखतात, हसतात, पण पाय जवळजवळ हलवतच नाहीत. जीभ बारीक थरथरते, श्वास घेताना पोट फुगतं आणि छाती आत जाते, गुडघ्यावर टकटक केली तरी पाय उडत नाही. हे चित्र स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीचं, म्हणजे स्नायू दुबळे होत जाणाऱ्या जन्मजात आजाराचं असू शकतं. त्यावर आता औषधं आहेत, आणि ती जितकी लवकर तितका फायदा. अशा बाळाला आठवडाभर 'व्यायाम करून बघू' म्हणत बसू नका. लगेच बालमेंदूरोगतज्ज्ञांकडे न्या.

मानेची काळजी वेगळी सांगायला हवी. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांना बांधणारे अस्थिबंध सैल असतात. लहान वयात हाडं पुरती तयार झालेली नसल्याने एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होता येत नाही. त्यामुळे दोन्ही मनगटं धरून बाळाला ओढून बसवणं, कोलांटी, मान मुरडणं, पाय धरून उलटं टांगणं, हे सगळं बंद. तपासणीत डॉक्टर हात धरून बाळाला एकदा उचलतात ते मान किती मागे पडते हे बघायला. तो व्यायाम नव्हे.

मालिशवाल्या बाईंना काय सांगायचं

तेल लावून हलक्या हाताने चोळायला काहीच हरकत नाही. बाळाला स्पर्श मिळतो, आईलाही बरं वाटतं. त्याने टोन वाढत नाही, एवढंच. अडचण पुढच्या 'कसरती'ची आहे: हात ताणून पाठीमागे नेणं, पाय डोक्याला लावणं, बाळाला हवेत झुलवणं. घट्ट अंगाच्या बाळाचे सांधे त्याचे स्नायू सांभाळून घेतात. सैल बाळाचा सांधा जिथवर न्याल तिथवर जातो, तक्रार करत नाही, आणि अस्थिबंध आणखी ढिले होतात. सैल सांध्याला ताण देण्याची गरजच नसते, म्हणून मालिश चालू ठेवा आणि ओढाताण बंद करा. आजी ऐकत नसतील तर पुढच्या भेटीला त्यांनाही सोबत न्या. थेरपिस्टने सांगितलेलं घरात जास्त टिकतं.

जागा, वेळ, कपडे

गादीवर बाळ रुतून जातं आणि कोपराने जोर लावला तरी वर येत नाही. दुहेरी सतरंजी किंवा मुलांची कोड्यासारखी जोडायची फोमची चटई पुरते. गुडघे आणि तळपाय उघडे ठेवा, कारण घसरत्या कापडात जोर वाया जातो. बांगड्या, अंगठ्या काढा, नखं कापा. पाजल्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, कारण सैल बाळांचं दूध सहज वर येतं. झोपाळलेलं किंवा भुकेलेलं बाळ काही करणार नाही.

सलग तासभर करण्यापेक्षा तीन ते पाच मिनिटांच्या सहा-आठ खेपा चांगल्या. दिवसाला आठ-दहा लंगोट बदलले जातात. प्रत्येक वेळी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवलं तर वेगळा वेळ न काढता १६ ते २० वेळा वळणं होतं.

हाताचा एकच नियम

बाळ जिथवर स्वतःला सांभाळतं, त्याच्या लगेच खाली आधार द्यायचा. मान डगमगत असेल तर हात छातीला, काखेच्या खाली. मान स्थिर झाली की बरगड्यांच्या खालच्या कडेला, मग कमरेला, मग कुल्ल्यांच्या हाडाला, शेवटी मांड्यांना. दर दोन-तीन आठवड्यांनी हात एक पायरी खाली सरकवून बघा. डोकं आणि खांदे लगेच कोसळले तर पुन्हा वर या. थोडं डुलून सावरत असतील तर तिथेच राहा, शिकणं त्या डुलण्यात होतं.

दुसरं, थांबा. सैल अंगाच्या बाळाला हालचाल सुरू करायलाच वेळ लागतो. अर्ध्यावर आणून मनात दहापर्यंत मोजा. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: दोन सेकंदांत धीर सुटतो आणि उरलेली हालचाल मोठी माणसं पूर्ण करून टाकतात. दिवसभर व्यायाम होतो, पण तो आईच्या दंडांचा.

पहिले महिने: पाय जवळ, हात मध्ये

जागेपणी उताणं ठेवताना टॉवेलच्या दोन गुंडाळ्या मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला लावा, म्हणजे गुडघे छताकडे राहतात. पाय सरळ करून एकमेकांना घट्ट बांधू नका, तसं गुंडाळणं खुब्याला घातक आहे. कुशीवर ठेवायचं असेल तर पाठीमागे गुंडाळी द्या, दोन्ही हात छातीसमोर आणा आणि खुळखुळा एक वीतभर अंतरावर ठेवा. वजन पेलायचं नसल्याने या स्थितीत हात सहज एकत्र येतात. झोपताना यातलं काहीच ठेवायचं नाही. बाळ पाठीवर, बिछाना मोकळा.

पालथं पडणं

इथे जरा जास्त थांबू या, कारण पुढचं बसणं आणि रांगणं याच पायावर उभं राहतं.

पहिला आठवडा-दोन आठवडे आपल्या छातीवरच. तक्क्याला टेकून ४५ अंशांत रेला आणि बाळाला पालथं घ्या. जितकं उभट, तितकं डोकं उचलणं सोपं. जमायला लागलं की हळूहळू सपाट व्हा.

मग जमिनीवर. आंघोळीचा टॉवेल ८ ते १० सेंटिमीटर जाडीचा गुंडाळा आणि दोन्ही टोकांना रबर लावा. गुंडाळी छातीखाली, अगदी काखेला लागून हवी. कोपरं गुंडाळीच्या पुढे आणि खांद्यांच्या बरोबर खाली किंवा किंचित पुढे. आता तुमचा तळहात बाळाच्या कुल्ल्यांवर सपाट ठेवा आणि पायांच्या दिशेने हलका दाब द्या. डोकं आणि कुल्ले हे तराजूच्या दोन पारड्यांसारखे आहेत: मागचं पारडं जड केलं की पुढचं वर येतं. दुसऱ्या हाताने खेळणं डोळ्यांच्या रेषेत, साधारण ३० सेंटिमीटरवर धरा. आईचा चेहरा बहुतेक वेळा खेळण्यापेक्षा जास्त काम करतो, त्यासाठी तुम्हालाही पालथं पडावं लागेल.

एका मिनिटापासून सुरुवात. तीन-चार महिन्यांत दिवसाची बेरीज अर्ध्या तासावर गेली की उत्तम.

काय बिघडतं ते असं. गुंडाळी पोटाखाली सरकली की बाळ पुढे नाकावर येतं. जाड झाली की हात जमिनीला पोचतच नाहीत. कोपरं खांद्याच्या मागे राहिली तर बाळ विमानासारखं हात मागे पसरतं आणि जोर लावत नाही. मग एकेक कोपर हाताने पुढे आणून दोन्ही खांद्यांवरून जमिनीच्या दिशेने थोडं दाबून धरा. आणखी एक चूक घरी हमखास सुटते. बाळ डोकं छान वर ठेवलेलं दिसतं, पण नीट पाहिलं तर खांदे कानाला भिडलेले, मानेमागे घडी पडलेली, हनुवटी पुढे. कासवासारखं डोकं खांद्यांत खुपसून ते मानेवर टेकून ठेवलेलं असतं, स्नायू काम करत नसतात. अशा वेळी खेळणं खाली, जवळजवळ सतरंजीवर आणा. बाळ खाली बघतं, मान लांब होते आणि तिथून वर बघताना खरं काम सुरू होतं.

मानेसाठी आणखी एक सोपा प्रकार. गुडघे वर घेऊन बसा आणि बाळाला तुमच्या मांड्यांवर तुमच्याकडे तोंड करून टेकवा. दोन्ही हात त्याच्या खांद्यांमागे, बोटं डोक्याला जवळ. उभं धरून १०-१५ अंश मागे न्या, डोकं पडायच्या जरा आधी थांबा, तीन ते पाच सेकंद धरा, परत आणा. तसंच डावीकडे, उजवीकडे. पाच-सहा वेळा पुरे. डोकं मागे झोकलं गेलं तर तुम्ही फार लांब नेलंत.

वळणं

उजवीकडे वळवायचं तर डावी मांडी गुडघ्याच्या वर धरा, गुडघा पोटाकडे वाकवा आणि शरीरावरून उजवीकडे जमिनीच्या दिशेने न्या. कंबर वळते. इथे थांबा. डावा खांदा आणि डोकं बाळाने स्वतः आणायचं. आलं नाही तर खेळणं उजवीकडे वरच्या बाजूला दाखवा, तरीही नाही आलं तर मांडीवरून पुन्हा थोडं डिवचा. हात धरून ओढू नका, सैल खांदा सांध्यातून खाली निखळू शकतो. उजवा हात अंगाखाली अडकत असेल तर वळवण्याआधी तो डोक्याच्या बाजूला वर ठेवून द्या.

बसणं

उशांच्या कोटात बसवलेलं बाळ फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात पाठीला कुबड येतं, बाळ कुल्ल्यांऐवजी माकडहाडावर बसतं आणि काम उशा करतात. त्याऐवजी बाळाला आपल्या पुढ्यात, पाठ तुमच्याकडे करून बसवा. दोन्ही हात कुल्ल्यांच्या हाडांवर, अंगठे मागच्या बाजूला. अंगठ्यांनी किंचित पुढे ढकललं की कुबड सरळ होतं, पाठ आपोआप लांब होते. समोर छातीच्या उंचीवर उलटी ठेवलेली टोपली किंवा छोटा चौरंग ठेवा, बाळ त्यावर तळहात टेकेल. वर खेळणं ठेवलं की एक हात सुटतो आणि दुसरा टेकू देतो. इथून दोन्ही हात सुटेपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात.

पाय दोन्ही बाजूंना १८० अंशांत पसरून बसणं सैल मुलांना फार सोयीचं पडतं, कारण बैठक रुंद झाली की तोल सांभाळावा लागत नाही. त्यामुळेच ते टाळायचं. मांडी घालून बसवा, नाहीतर पाटावर. पाटाची उंची गुडघ्यामागच्या घडीपासून टाचेपर्यंतच्या मापाएवढी हवी, मोजपट्टी लावूनच घ्या. तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. देवघरातला पाट यासाठी बहुतेक फार बुटका पडतो, खाली जुन्या जाड डायऱ्या लावून चालतं.

बसवलेलं बाळ बसतं, पण स्वतः उठून बसणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते राहून जातं. बाळ उजव्या कुशीवर असताना एक हात त्याच्या वरच्या, म्हणजे डाव्या कुल्ल्यावर ठेवा आणि खाली तुमच्याकडे दाबा. दुसरा तळहात उजव्या काखेखाली, फक्त थोडं हलकं करण्यापुरता. बाळ आधी कोपरावर, मग तळहातावर येतं. कोपराच्या पायरीवर दहापर्यंत मोजा. ज्या दिवशी काखेखालचा हात काढला तरी चालतं, तो दिवस वहीत लिहा.

रांगणं

पाय लांब करून जमिनीवर बसा, बाळाचं पोट तुमच्या मांडीवर आडवं घ्या: एका बाजूला तळहात, दुसऱ्या बाजूला गुडघे, आणि गुडघे खुब्यांच्या खाली. मांडी जाड पडली तर गुडघे अधांतरी राहतात, त्याऐवजी घट्ट गुंडाळलेलं ब्लँकेट घ्या. मांड्या बाहेर घसरतात, तुमचे तळहात त्यांच्या बाहेरच्या बाजूला भिंतीसारखे धरा. मग पुढे-मागे हलकं झुलवा. झुलण्यात हातांवर आणि गुडघ्यांवर आळीपाळीने वजन येतं, तीच रांगण्याची तयारी. पुढे लोड आडवा टाकून त्यावरून चढू द्या. जिन्याच्या एक-दोन पायऱ्या चढणं तर या मुलांना सपाट रांगण्यापेक्षाही लवकर जमतं, तुम्ही मागे उभं राहायचं.

काही मुलं रांगतच नाहीत, बसून सरकतात. सरकू द्या, रागावू नका, पण दिवसातून चार वेळा गुडघ्यांवर आणा.

उभं राहणं, पाऊल टाकणं

सैल गुडघा मागे वाकून लॉक होतो. बाळ तासन्‌तास उभं राहतं आणि सगळ्यांना आनंद होतो, पण वजन हाडांवर आणि अस्थिबंधांवर असतं, मांडीचे स्नायू सुट्टीवर. म्हणून नुसतं उभं करण्याऐवजी पाटावरून उठणं शिकवा. तळपाय सपाट, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. खेळणं समोर थोडं खाली दाखवा, म्हणजे नाक पायाच्या बोटांच्या पुढे येतं. तुमचे हात मांड्यांवर, गुडघ्याच्या जरा वर, दाब टाचांच्या दिशेने. उठताना आणि त्याहून जास्त बसताना स्नायू काम करतात. धप्पकन बसत असेल तर पाट उंच घ्या. आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा.

चाकाच्या गोल वॉकरमध्ये बाळाला लटकवून ठेवू नका. चवड्यांवर ढकलायची सवय लागते आणि जिना-उंबरठ्यावर अपघात होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा मात्र कामाचा, कारण त्यात वजन मूल स्वतः पेलतं. तो पळू नये म्हणून पुढच्या बाजूला दोन-तीन किलो तांदळाची पिशवी बांधा. दांडा छातीच्या उंचीवर हवा.

घोटे आत पडतात म्हणून लगेच महागडे बूट घेतले जातात. रांगण्याच्या काळात तळपाय उघडाच बरा. धरून उभं राहायला आणि कडेकडेने चालायला लागल्यावर घोट्याच्या पट्ट्याची गरज थेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञ ठरवतील.

अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डाऊन सिंड्रोमच्या बाळांना घरी छोट्या ट्रेडमिलवर धरून, दिवसाला आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस पावलं टाकायला लावली. ती बाकीच्यांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी चालली. ट्रेडमिल घ्या असा याचा अर्थ कुणी काढू नये. थोडा वेळ, पण रोज आणि बाळाच्या स्वतःच्या पावलांनी, हे त्यातलं घेण्यासारखं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात एकट्याने चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने आहे. डाऊन सिंड्रोमची बरीच मुलं दोन वर्षांच्या आसपास चालतात, काही तिसऱ्या वर्षी. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका, महिन्यापूर्वीच्या व्हिडिओशी करा: दर १५ दिवसांनी तोच कोन, तीच सतरंजी, अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण. बाळ मुदतीआधी जन्मलेलं असेल तर वय डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजा.

थेरपिस्ट कुठे शोधायचा? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी' असं विचारा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. चांगला थेरपिस्ट बाळ स्वतः हाताळून झालं की तुमच्या हातावर हात ठेवून तुमच्याकडून करून घेतो. आठवड्यातून दोनदा तिथे आणि बाकी पाच दिवस घरी काहीच नाही, असं झालं तर प्रगती मंद राहते.

व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायची वेळ कोणती, हेही ठाऊक हवं. आधी येत असलेली गोष्ट बंद झाली, गिळताना वरचेवर ठसका लागतो, बाळ एकच बाजू वापरतं, पाय अचानक कडक झाले किंवा हलेनासे झाले. आणि साधारण चार ते आठ महिन्यांच्या सुमारास, बहुतेक झोपेतून उठल्यावर, डोकं पुढे झुकून हात पसरायचे झटके एकामागून एक, काही सेकंदांच्या अंतराने येत असतील, तर ते दचकणं किंवा पोटातला मुरडा समजू नका. ती इन्फंटाइल स्पाझम नावाची फिट असू शकते, आणि डाऊन सिंड्रोममध्ये ती इतर बाळांपेक्षा जास्त आढळते. मोबाईलवर झटक्यांचा व्हिडिओ घ्या आणि तो घेऊन निघा. डॉक्टर त्यावरून ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) करायचं ठरवतील.